तीव्र आम्लातही काही धातू स्वस्थ कसे राहतात?

प्रश्न : प्रयोगवही

नमस्कार. मी शाळेत वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. धातू आणि आम्ले यांचा भाग शिकवताना आपण सगळेच एक सोपे सूत्र सांगतो, की धातू आणि आम्ल एकत्र आले म्हणजे क्षार तयार होतो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. अभिक्रियाशीलतेच्या श्रेणीत हायड्रोजनच्या वर असलेल्या धातूंना हे जमते, खालच्यांना जमत नाही. परीक्षेपुरते हे पुरते. परंतु मागच्या आठवड्यात प्रात्यक्षिकांची पूर्वतयारी करताना एकाच दुपारी मी अशा चार गोष्टी पाहिल्या, की हे सूत्र मुलांसमोर पुन्हा त्याच खात्रीने उच्चारणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना.

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या, अतिशुद्ध असे लिहिलेल्या बाटलीतील जस्ताचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला, तर त्यावर चार-दोन बुडबुडे धरले आणि ते तिथेच चिकटून बसले. जुन्या डब्यातील मळकट जस्त मात्र त्याच आम्लात लगेच फसफसू लागले. शुद्ध धातू अधिक जोमाने विरघळावा, अशी माझी अपेक्षा होती. दिसले ते नेमके उलटे.

अल्युमिनिअमच्या पट्टीने तर मला फसवलेच. श्रेणीत ती जस्ताच्याही वर, म्हणून मी परीक्षानळी धरून वाट पाहत उभी राहिले. काही मिनिटे काहीच घडले नाही. नळी परत ठेवणार तोच बारीक बुडबुडे सुरू झाले, नळी हाताला गरम लागू लागली आणि बघता बघता द्रावण उकळी फुटल्यासारखे वर आले.

तांब्याची तार हायड्रोक्लोरिक आम्लात जशीच्या तशी राहिली, हे अपेक्षितच होते. नायट्रिक आम्लात मात्र ती विरघळली, आणि बाहेर पडला तो हायड्रोजन नव्हता, तर तपकिरी वायू होता. शेवटी लोखंडाचा खिळा विरल नायट्रिक आम्लात चांगलाच झिजला. संहत आम्लात मात्र क्षणभर तपकिरी वाफ दिसली आणि सारे थांबले. खिळा पुढे कितीतरी वेळ चकचकीत पडून होता.

आता माझी शंका अशी आहे, की ‘तीव्र’ या शब्दाचा धातू विरघळण्याशी नेमका संबंध काय? आणि या चारही निरीक्षणांना कवेत घेणारे, तरीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कळेल असे एखादे स्पष्टीकरण आहे का? चार अपवादांची यादी पाठ करून घेण्याची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद १ : विद्युत्कण

आपली निरीक्षणे अचूक आहेत आणि त्यांतले एकही अपवाद नाही. सूत्रच अपुरे आहे, म्हणून ती अपवाद वाटतात.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. तीव्र आणि संहत हे दोन वेगळे गुण आहेत. पाण्यात गेल्यावर ज्या आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू विघटित होऊन हायड्रोजन आयन देतात, ते आम्ल तीव्र. आणि ठरावीक आकारमानात ज्याचे प्रमाण जास्त, ते संहत. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल विरल असले तरी तीव्रच असते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल या व्याख्येने सौम्य गटात मोडते. परंतु हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि सल्फ्युरिक या तिन्ही आम्लांना दाद न देणारा टँटलम हा धातू त्या ‘सौम्य’ आम्लात झिजतो. तेव्हा तीव्रता हा शब्द फक्त हायड्रोजन आयन किती मोकळे झाले तेवढे सांगतो. धातूचे काय होईल, हे तो सांगत नाही.

धातू विरघळतो म्हणजे त्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात आणि द्रावणात उतरतात. इलेक्ट्रॉन सोडायचा तर तो घेणारा कोणीतरी हवा. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की या भांड्यात इलेक्ट्रॉन घेणारा कोण आहे? हायड्रोक्लोरिक आम्लात आणि विरल सल्फ्युरिक आम्लात हे काम करायला हायड्रोजन आयनाशिवाय दुसरे कोणी नसते. क्लोराइड आयनाला आणखी इलेक्ट्रॉन घेता येत नाही. हायड्रोजन आयनाची ओढ आपण शून्य व्होल्ट धरतो. त्या तुलनेत मोजलेल्या ओढीला प्रमाण विभव म्हणतात. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४, म्हणून त्यांचे इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयनाकडे सहज उतरतात. तांब्याचा विभव अधिक ०.३४ व्होल्ट. त्याच्या इलेक्ट्रॉनांना हायड्रोजन आयनाकडे जायचे तर चढ चढावा लागेल, आणि तसे आपोआप होत नाही. आपली अभिक्रियाशीलतेची श्रेणी म्हणजे याच आकड्यांची शब्दांत मांडलेली उतरंड आहे, आणि तिच्यातले हायड्रोजनचे स्थान इलेक्ट्रॉन घेणारा हायड्रोजन आयन असेल तेवढ्यापुरतेच महत्त्वाचे आहे.

नायट्रिक आम्लात घेणारा बदलतो. तिथे नायट्रेट आयन हायड्रोजन आयनांना हाताशी धरून स्वतः इलेक्ट्रॉन घेतो आणि नायट्रिक ऑक्साइड होतो. त्याचा प्रमाण विभव अधिक ०.९६ व्होल्ट आहे. तांब्याचा ०.३४ त्यातून वजा केला, तरी ०.६२ व्होल्टचा भरपूर उतार उरतो. विरल नायट्रिक आम्लात तांब्याचे ३ अणू आम्लाचे ८ रेणू खर्च करतात आणि त्यातून कॉपर नायट्रेटचे ३, नायट्रिक ऑक्साइडचे २ आणि पाण्याचे ४ रेणू मिळतात. संहत आम्लात तांब्याच्या एका अणूमागे आम्लाचे ४ रेणू लागतात आणि नायट्रोजन डायऑक्साइडचे २ रेणू सुटतात. पुढच्या वेळी विरल आम्लाची नळी नीट पाहा. धातूलगतचे बुडबुडे रंगहीन असतात. ते वर येऊन नळीच्या तोंडाशी हवेतील ऑक्सिजनला भेटले, की तिथे तपकिरी रंग उमटतो. संहत आम्लात मात्र तो तपकिरी रंग तारेपासूनच सुरू होतो, आणि द्रावणही आधी हिरवे दिसते, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात विरघळलेली असतात. भरपूर पाणी मिसळले की ते आपल्या ओळखीच्या निळ्यावर येते.

मुलांना हेही जरूर सांगावे, की नायट्रिक आम्लातून हायड्रोजन मिळवणे जवळपास अशक्य आहे. अतिविरल, म्हणजे एक-दोन टक्क्यांच्या आम्लात मॅग्नेशिअम आणि मँगनीज तो देतात, परंतु जस्तासारख्या धातूच्या हाती सापडलेले अतिविरल नायट्रिक आम्ल थेट अमोनिअम आयनापर्यंत क्षपण पावते. नायट्रोजनच्या एका अणूने ८ इलेक्ट्रॉन गिळले, असा त्याचा अर्थ होतो. या अभिक्रियेत वायूचा मागमूस नसतो. पाहणाऱ्याला वाटते, की धातू नुसताच पाण्यात साखर विरघळावी तसा नाहीसा झाला.

गरम संहत सल्फ्युरिक आम्लाचे गणितही असेच. तिथे सल्फेटमधले गंधक इलेक्ट्रॉन घेते, तांबे विरघळते आणि सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तांबे आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या भांड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातला, तरी तांबे विरघळते, कारण घेणारा आला. विद्युत परिपथांच्या पट्ट्यांवरचे नको असलेले तांबे काढण्यासाठी हे मिश्रण वापरले जाते. हवेतला ऑक्सिजनदेखील घेणाऱ्याचे काम करतो, फक्त फार सावकाश; आम्लात अर्धवट बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या तारेभोवती काही दिवसांनी हिरवट झाक येते, ती त्यामुळे.

आपला खिळा आणि अल्युमिनिअमची पट्टी यांचे उत्तर मात्र या गणितात नाही. ते मी जाणकारांवर सोडतो.

प्रतिसाद २ : टाकीघर

खिळ्याबद्दल मी लिहितो, कारण माझी बरीच वर्षे संहत आम्लांच्या टाक्या सांभाळण्यात गेली आहेत आणि त्या टाक्या कशाच्या असतात हे कळले, तर आपल्या विद्यार्थ्यांना निश्चितच नवल वाटेल. ९३ ते ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाच्या टाकीत वर्षानुवर्षे साठवले जाते. ८० टक्क्यांहून संहत नायट्रिक आम्ल अल्युमिनिअमच्या टाक्यांतून नेले जाते. तेच आम्ल पाणी घालून विरल केले, तर तीच टाकी खाऊन टाकते.

विद्युत्कण यांनी घेणारा कोण हे सांगितले. माझ्या मते दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे : अभिक्रियेतून जे तयार झाले, ते धातूचा पृष्ठभाग सोडून गेले का? पोलाद आणि संहत सल्फ्युरिक आम्ल यांची अभिक्रिया पहिल्या क्षणी होतेच, तिच्यातून आयर्न सल्फेट तयार होते, आणि हा क्षार पाण्यात सहज विरघळत असला तरी संहत आम्लात जवळजवळ विरघळत नाही. तो पृष्ठभागावरच थर धरून बसतो आणि मागून येणाऱ्या आम्लाची वाट अडवतो. मऊ, नाजूक थर असतो तो. म्हणूनच पोलादी नळातून हे आम्ल वाहून नेताना त्याचा वेग सेकंदाला साधारण १ मीटरच्या आत ठेवतात; वेग वाढला की प्रवाह तो थर खरवडून नेतो, आणि नळाच्या वळणांवर आधी भोके पडतात.

टाकीत सर्वांत आधी झिज कुठे दिसते, हेही सांगण्यासारखे आहे. तळाशी नाही, तर आम्लाच्या पातळीच्या रेषेवर आणि हवा आत येण्याच्या तोंडाशी. संहत सल्फ्युरिक आम्ल हवेतली वाफ अधाशासारखे ओढून घेते. भिंतीवर राहिलेला त्याचा पातळ ओलावा पाणी पिऊन विरल होतो, आणि विरल झाला की आयर्न सल्फेटचा थर त्यात विरघळतो. मी एका टाकीच्या आतल्या भिंतीवर बोट मावेल एवढी आडवी खाच पाहिली आहे. तिच्या वर आणि खाली हातभर अंतरावर पत्रा जवळपास मूळ जाडीचा होता. पाण्याला मज्जाव करणारी वाळवणीची नळी हवेच्या तोंडाशी वेळेवर बदलली गेली नव्हती, एवढेच तिथे घडले होते.

आणखी एक गोष्ट. थर बसला म्हणून अभिक्रिया शून्यावर येत नाही. ती अतिशय मंद चालू राहते आणि थोडा थोडा हायड्रोजन टाकीच्या वरच्या रिकाम्या जागेत साठतो. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला, तर ते मिश्रण ठिणगीने पेटते. रिकाम्या झालेल्या आम्लाच्या टाकीला आतली हवा न तपासता वेल्डिंग करणे म्हणूनच जिवावर बेतते.

शिशाचीही गोष्ट याच जातीची. श्रेणीत शिसे हायड्रोजनच्या जरा वर आहे, उणे ०.१३ व्होल्ट, तरी विरल सल्फ्युरिक आम्लात ते टिकते, कारण लेड सल्फेट अविद्राव्य असते. जॉन रोबक यांनी १७४६ मध्ये बर्मिंगहॅम येथे काचेच्या भांड्यांऐवजी शिशाने मढवलेल्या मोठ्या कक्षांत सल्फ्युरिक आम्ल बनवायला सुरुवात केली, ती याच गुणाच्या बळावर. नायट्रिक आम्लात मात्र शिसे विरघळते, कारण लेड नायट्रेट विद्राव्य आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात लेड क्लोराइडचा थर बसतो आणि अभिक्रिया रेंगाळते. हा क्षार थंड पाण्यात फारसा विरघळत नाही, गरम पाण्यात मात्र विरघळतो.

प्रतिसाद ३ : प्रयोगवही

दोघांचेही मनापासून आभार. ‘घेणारा कोण’ आणि ‘तयार झालेले जागा सोडते का’ हे दोन प्रश्न मी वहीत लिहून घेतले आहेत. परंतु संहत नायट्रिक आम्लातील खिळ्यावर आयर्न नायट्रेटचा थर बसला असे म्हणावे, तर तो क्षार अत्यंत विद्राव्य आहे. शिवाय खिळा चकचकीत होता, त्यावर थर म्हणावे असे काही डोळ्यांना दिसत नव्हते. आणि जस्ताचे कोडे तर अजून तसेच आहे. तिथे घेणारा हजर आहे, झिंक क्लोराइड विद्राव्य आहे, उतार ०.७६ व्होल्टचा आहे, तरी शुद्ध जस्त हलत नाही.

प्रतिसाद ४ : जुना फळा

मॅडम, आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. तीन दशके मी हेच प्रयोग वर्गात केले, तेव्हा थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

खिळ्याने जे आपल्याला बुचकळ्यात टाकले, त्यानेच जेम्स कीर यांना १७९० मध्ये टाकले होते. त्यांनी नोंदवले, की ठरावीक परिस्थितीत नायट्रिक आम्लात लोखंड आपले गुणधर्मच बदलते आणि स्वस्थ बसते. पुढे १८३६ मध्ये शोनबाइन यांनी याबाबत मायकेल फॅरडे यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि फॅरडे यांनी प्रयोग करून असा तर्क मांडला, की लोखंडाच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण झाले असावे. खिळा चकचकीत दिसतो मग थर कुठे आहे, हा आपला आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो थर लोखंडावरून सोडवून वेगळा काढून दाखवला तो यू. आर. एव्हान्स यांनी, १९२७ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. हा थर क्षाराचा नसून ऑक्साइडचा असतो आणि त्याची जाडी काही नॅनोमीटर असते. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या भागाएवढा थर डोळ्यांना दिसणार कसा? संहत नायट्रिक आम्ल इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने घेते, की लोखंडाचे आयन द्रावणात उतरण्याआधीच पृष्ठभागावर अखंड ऑक्साइड शिवला जातो. विरल आम्लात तो शिवण्यापेक्षा उसवणे जलद असते.

फॅरडे यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग मी धूर ओढणाऱ्या कपाटात, काचेच्या आड, स्वतःच्या हाताने दाखवत असे. संहत आम्लात निष्क्रिय झालेल्या खिळ्यावर अलगद पाणी सोडून आम्ल विरल करायचे. एरवी ज्या विरल आम्लात खिळा धडाधड विरघळला असता, त्यातही तो शांत राहतो. मग काचेच्या दांडीने खिळ्यावर एक ओरखडा काढायचा. ओरखड्याच्या रेषेपासून अभिक्रिया सुरू होते आणि पाहता पाहता साऱ्या खिळ्यावर पसरते. मुले त्या क्षणी जे गप्प होत, ते मला अजून आठवते.

अल्युमिनिअमवर असा ऑक्साइडचा थर हवेतच, कोणत्याही आम्लाशिवाय तयार झालेला असतो. आपण परीक्षानळी धरून थांबलात ती मिनिटे आम्ल त्या थराशी झगडत होते. थराला पहिले भगदाड पडले की खालचा अतिशय अभिक्रियाशील धातू उघडा पडतो, उष्णता निर्माण होते, उष्णतेने वेग वाढतो, वाढत्या वेगाने आणखी उष्णता होते. म्हणून ती उसळी इतकी अचानक येते. यात क्लोराइड आयनाचा मोठा हात आहे. विद्युत्कण यांनी क्लोराइडला इलेक्ट्रॉन घेता येत नाही असे लिहिले ते अगदी बरोबर आहे, परंतु वाचणाऱ्याने त्यावरून क्लोराइड नुसता प्रेक्षक असतो असे समजू नये. तो थरात शिरतो, त्याला जागोजाग कमकुवत करतो. ताडून पाहायचे असेल, तर विरल सल्फ्युरिक आम्लाच्या दोन नळ्या घ्या, दोन्हींत सारख्या अल्युमिनिअमच्या पट्ट्या सोडा आणि एकीत चिमूटभर साधे मीठ टाका. क्रोमिअममुळे न गंजणारे पोलाद नायट्रिक आम्लात उत्तम टिकते आणि हायड्रोक्लोरिक आम्लात टिकत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

आता जस्त. इथे उतार आहे, अडथळा थराचा नाही, मग अडते कुठे? अडते हायड्रोजनचा रेणू तयार होण्यात. हायड्रोजन आयनाने पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घ्यायचा, तिथे धरून राहायचे, शेजारी दुसरा हायड्रोजन अणू सापडला की जोडी जुळवायची आणि मग वायू होऊन सुटायचे. या कामासाठी धातूचा पृष्ठभाग बाजारपेठेसारखा असतो. प्लॅटिनमवर हा व्यवहार अतिशय वेगाने होतो, तर शिसे आणि पारा यांच्यावर त्याच्या कोट्यवधी पट मंद. जस्तही मंदांच्याच पंगतीत बसते. मळकट जस्तात मात्र लोखंड किंवा तांबे यांसारख्या धातूंचे कण असतात. जस्त विरघळते स्वतःच्या जागी, त्याचे इलेक्ट्रॉन धातूतून त्या कणांपर्यंत वाहतात आणि हायड्रोजन तिथे सुटतो. जिनिव्हाचे ऑग्युस्त द ला रीव यांनी अशुद्ध जस्त लवकर विरघळते हे १८३० मध्येच दाखवून दिले होते.

हे डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग अगदी सोपा आहे. आपल्या शुद्ध जस्ताच्या तुकड्याला आम्लातच तांब्याच्या तारेचे टोक टेकवा. बुडबुडे तारेवरून सुटू लागतील. घाईघाईत पाहणारा म्हणेल, की तांबे आम्लाशी अभिक्रिया करते आहे! तारेचे वजन आधी आणि नंतर करून घ्या. ते कमी झालेले नसते, कमी झालेले असते जस्ताचे. तार नसेल, तर कॉपर सल्फेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकले तरी जस्तावर तांब्याचे काळपट कण बसतात आणि फसफस सुरू होते. हायड्रोजन तयार करण्याच्या जुन्या कृतींत हे थेंब असत, आणि आम्हाला ते का टाकायचे हे कोणी सांगितले नव्हते.

प्रतिसाद ५ : विद्युत्कण

क्लोराइडबद्दलची दुरुस्ती मान्य, आणि तिला पुष्टी देणारे याहून ठळक उदाहरण सोन्याचे आहे.

सोन्याचा प्रमाण विभव अधिक १.५० व्होल्ट आहे. नायट्रेटचा ०.९६ त्याला पुरत नाही, म्हणून एकटे नायट्रिक आम्ल सोन्यापुढे हात टेकते. हायड्रोक्लोरिक आम्लात तर घेणाराच नाही. परंतु ३ भाग संहत हायड्रोक्लोरिक आणि १ भाग संहत नायट्रिक आम्ल एकत्र केले, की जे आम्लराज तयार होते, त्यात सोने विरघळते. पुष्कळ ठिकाणी याचे कारण ‘दोन्ही आम्लांची शक्ती एकवटते’ असे दिलेले असते, आणि ते दिशाभूल करणारे आहे. नायट्रिक आम्ल इलेक्ट्रॉन घेते. क्लोराइड आयन सुटलेल्या सोन्याच्या आयनाला चारही बाजूंनी वेढून त्याचा संकुल आयन बनवतात. सोन्याचा मोकळा आयन द्रावणात जवळपास उरतच नाही, त्यामुळे सोने द्रावणात उतरण्यासाठी लागणारा विभव १.५० वरून सुमारे १.०० व्होल्टवर उतरतो. ०.९६ हा नायट्रेटचा आकडा प्रमाण परिस्थितीतला आहे. संहत आम्लात तो आणखी वर जातो, आणि मिश्रणात तयार होणारा क्लोरीनही मदतीला असतो. अशा रीतीने उतार मिळतो.

टाकीघर यांचा प्रश्न इथेही लावून पाहा. चांदी सोन्यापेक्षा कमी राजस, अधिक ०.८० व्होल्ट, आणि नायट्रिक आम्लात ती विरघळतेच. परंतु आम्लराजात चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा अविद्राव्य थर बसतो आणि ती अडकते. ज्या द्रवात सोने विरघळते त्यात चांदी विरघळत नाही, हे श्रेणी पाठ केलेल्या विद्यार्थ्याला कधीच खरे वाटणार नाही.

सोनारकामातल्या जुन्या कसबात याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. सोने आणि चांदी यांचे मिश्रण नायट्रिक आम्लात टाकले, तर चांदी विरघळून सोने उरावे. परंतु मिश्रणात सोने जास्त असेल, तर आतली चांदी सोन्याच्या अणूंनी वेढलेली राहते आणि आम्ल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी त्यात मुद्दाम आणखी चांदी वितळवून तिचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास नेतात आणि मग आम्लात टाकतात. चांदी बाहेर पडली की मागे सोन्याचा तपकिरी, सच्छिद्र सांगाडा राहतो. तो तापवला, की सोन्याचा पिवळा रंग परत येतो. सोने स्वस्त करून घेतल्याशिवाय शुद्ध होत नाही, असे वाटायला लावणारी ही कृती मला फार आवडते.

प्रतिसाद ६ : टाकीघर

ओरखड्याचा प्रयोग वाचून कोणी उत्साहाने उघड्या टेबलावर तो करू नये, म्हणून हे लिहितो. नायट्रोजन डायऑक्साइडची भीती त्याच्या वासापुरती नाही. तो श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, माणूस कामाला लागतो. आणि काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, फुप्फुसात पाणी भरू लागते. आमच्या पाळीतला एक सहकारी गळतीच्या ठिकाणाहून बाहेर आला तेव्हा मला काही झाले नाही असे म्हणून घरी गेला. रात्री त्याला धाप लागली, रुग्णालयात हलवावे लागले, आणि तो वाचला तो केवळ घरच्यांनी वेळ न दवडल्यामुळे. तेव्हापासून तपकिरी धुराशी संपर्क आलेल्या कोणालाही, तो कितीही बरा दिसत असला तरी, आम्ही वैद्यकीय देखरेखीशिवाय सोडत नाही. संहत नायट्रिक आम्लाचा कोणताही प्रयोग धूर ओढणाऱ्या कपाटातच करावा, धातूचा तुकडा अगदी लहान घ्यावा, आणि आम्ल विरल करायचे असेल तेव्हा नेहमी आम्ल पाण्यात ओतावे. ओरखड्याच्या प्रयोगात हा क्रम उलटा आहे, हे ध्यानात घ्या. तिथे आम्ल थोडेच असावे आणि पाणी काचेच्या कडेने थेंब थेंब सोडावे. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत मात्र हा उलटा क्रम कधीही वापरू नये.

प्रतिसाद ७ : प्रयोगवही

आज सकाळी वर्ग भरण्यापूर्वी जस्त आणि अल्युमिनिअमचे दोन्ही प्रयोग करून पाहिले. खिळ्याचा प्रयोग कपाटाच्या पंख्याची दुरुस्ती होईपर्यंत करणार नाही.

शुद्ध जस्ताला तांब्याची तार टेकवताच तारेच्या टोकावरून बुडबुड्यांची माळ सुरू झाली, आणि तार उचलताच थांबली. मी ती सात-आठ वेळा टेकवली आणि उचलली. वजन करण्यासाठी तार धुऊन वाळत ठेवली आहे; उद्या मुलांकडूनच तराजूवर ठेवून घेईन आणि आकडा वाचण्याआधी त्यांना अंदाज लिहायला लावीन.

मिठाच्या प्रयोगासाठी दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. पहिली पाच मिनिटे दोन्हींत फरक दिसला नाही. त्यानंतर मीठ घातलेल्या नळीतील पट्टीच्या कापलेल्या कडेवर आधी बुडबुडे आले, मग ते ठिपक्याठिपक्यांनी सपाट भागावर सरकले. वीस मिनिटांनी पट्ट्या बाहेर काढून धुतल्या. मीठ नसलेल्या नळीतील पट्टी तशीच गुळगुळीत होती. दुसरीच्या पृष्ठभागावरून नख फिरवले, तर ते बारीक खड्ड्यांत अडकत होते.